तीन प्रकाश आणि एक पोस्टमन

बसा बसा, मागे पंखा लागतोय ना? लाईट गेली तर प्रोजेक्टर बंद पडेल, माझं तोंड नाही. रत्नागिरीत भर जुलैत टॉक ठेवला म्हणजे एवढं धरूनच चालायचं.

तर क्युबरनेटीस, म्हणजे बऱ्याच मशीनवर कंटेनरमधली ॲप्लिकेशन्स चालवणारं आणि सांभाळणारं सॉफ्टवेअर. शब्द ग्रीक आहे, अर्थ सुकाणू धरणारा, म्हणजे आपल्या मिरकरवाड्यात ज्याला तांडेल म्हणतात तो. गूगलने २०१४ साली हे ओपन सोर्स केलं. पण तांडेलाकडे होडी एक, आणि आपल्याकडे क्लायंट तितके क्लस्टर, म्हणजे अशा मशीनचे गट, टेस्टचं वेगळं, प्रॉडक्शनचं वेगळं, आणि प्रत्येकाशी जोडून घ्यायची एकेक कॉन्फिग फाइल डाउनलोडमधे लोळत पडलेली. या सगळ्या फायली एकात कशा जोडायच्या, तेच आज बघू.

फाइल उघडलीत तर आत मुख्य तीन याद्या दिसतील. क्लस्टर म्हणजे सर्व्हरचा पत्ता, युजर म्हणजे आत शिरायची चावी, आणि कॉन्टेक्स्ट म्हणजे कुठली चावी कुठल्या दाराला ते. जोडायला वेगळं टूल लागतच नाही खरं तर, क्यूबकॉन्फिग नावाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधे फायलींचे पत्ते ओळीने लिहायचे, मधे कोलन, विंडोजवर सेमीकोलन, आणि मग क्यूबसीटीएल, म्हणजे क्लस्टरशी बोलायचं कमांडचं टूल, त्याचं कॉन्फिग व्ह्यू, पुढे डॅश डॅश फ्लॅटन. हा फ्लॅटन विसरू नका हां, त्याच्यामुळे बाहेरच्या सर्टिफिकेट फायली पण आत ओढल्या जातात, नाहीतर फाइल दुसऱ्या लॅपटॉपवर नेली की बोंब.

आता गंमत. आमच्या वाडीत तीन प्रकाश आहेत, आडनाव पण तेच, नवीन पोस्टमन आला की तिघांची पत्रं पहिल्या प्रकाशच्या पडवीत. क्यूबसीटीएल अगदी तसंच करतं. एकच नाव दोन फायलींत असलं की पहिल्या फायलीतलं धरतं आणि दुसरं सरळ सोडून देतं, वॉर्निंग नाही, एरर नाही, काही नाही. आणि क्यूबअ‍ॅडमने, म्हणजे क्लस्टर उभं करायच्या टूलने, क्लस्टर उभं केलं तर नाव काय पडतं? क्लस्टर 'क्युबरनेटीस', युजर 'क्युबरनेटीस-अ‍ॅडमिन', दर वेळी तेच! म्हणजे दोन क्लस्टर जोडलीत तर दुसरं गायब, आणि तुम्हाला वाटणार आपण टेस्टवर आहोत, असाल मात्र प्रॉडक्शनवर.

नाव बदलायला रिनेम-कॉन्टेक्स्ट कमांड आहे ना, असं कोणीतरी विचारणारच. आहे, पण ती फक्त कॉन्टेक्स्टचं नाव बदलते, आतल्या क्लस्टरचं आणि युजरचं नाही, म्हणजे घराची पाटी बदलली पण सातबारा तोच. जोडायच्या आधी फाइल एडिटरमधे उघडून तिन्ही याद्यांतली नावं हाताने बदला, कॉन्टेक्स्टच्या पोटात ती परत येतात तिथेही. कंटाळवाणं आहे, पण मला यावरच भरवसा वाटतो. कॉन्फिग नावाचा, के ने सुरू होणारा, एक प्लगइन आहे, क्रू नावाच्या क्यूबसीटीएलच्या प्लगइन मॅनेजरवरून मिळतो, टायपिंग वाचवतो, पण आतून हेच फ्लॅटन चालवतो, त्यामुळे प्रकाश तिथेही तीनच.

शेवटचं, हे माझ्या अंगावर बेतलेलं. जोडलेलं आउटपुट मी थेट मूळ फायलीवरच वळवलं. शेल, म्हणजे आपण कमांड टाइप करतो तो प्रोग्राम, काय करतं, कमांड चालवायच्या आधीच ती फाइल रिकामी करतं, मग क्यूबसीटीएल बिचारं वाचणार काय? नवीन क्लस्टर तेवढं राहिलं, जुनी सगळी गेली, आणि बॅकअप नव्हता, मग एकेकाला फोन करून फायली परत मागितल्या. आता मी आधी टेम्प फायलीत काढतो, गेट-कॉन्टेक्स्ट्स चालवून नावं मोजतो, मगच जागेवर हलवतो आणि परमिशन ६०० करतो, म्हणजे फाइल फक्त मालकालाच वाचता-लिहिता येते.

हां, तिकडे हात वर आहे, बोला.