बुटाने फोडलेलं गुपित

श्रोतेहो, नमस्कार.

तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या, आजच्या युक्रेनमधल्या चेर्नोबिल अणुवीज केंद्रात स्फोट झाला 26 एप्रिल 1986 ला, रात्री 1 वाजून 23 मिनिटांनी. आणि जगाला तो कळला एका बुटामुळे. हो, बुटामुळे!

तिथून साधारण 1100 किलोमीटरवर, स्वीडनमध्ये फोर्समार्क नावाचं अणुवीज केंद्र आहे. 28 तारीख, सोमवार सकाळ. एक कर्मचारी न्याहारी उरकून दात घासायला गेला. येताना किरणोत्सर्ग तपासणाऱ्या यंत्रातून गेला, तर यंत्र बोंबलायला लागलं! आता हा गडी त्या दिवशी अणुभट्टीकडे फिरकलासुद्धा नव्हता. यंत्रच बिघडलं असेल, म्हणून सोडून दिलं. थोड्या वेळाने बघतो, तर यंत्रापुढे ही रांग, आणि जो येईल त्याच्यावर यंत्र ओरडतंय. त्याने एकाचा बूट मागून घेतला आणि प्रयोगशाळेत तपासला. तळव्याला चिकटलेलं द्रव्य त्यांच्या केंद्रातलं नव्हतंच. ते बाहेरून आलं होतं, वाऱ्यावरून. आणि वारा येत होता सोव्हिएत संघाकडून.

(चपला उंबऱ्याबाहेर काढा, असं आमची आई ओरडायची. हल्ली चपलांचं कपाट थेट दिवाणखान्यात असतं. मला ते मुळीच पटत नाही. असो.)

स्वीडनने मॉस्कोला विचारलं. आधी कानांवर हात. मग रात्री नऊच्या बातम्यांत चार-पाच वाक्यं: अपघात झालाय, उपाय चालू आहेत. संपलं!

लपवायची सवय जुनीच. चेर्नोबिलची भट्टी थांबवायच्या दांड्यांची टोकं ग्रॅफाइटची होती. त्या खाली सोडल्या की पहिल्या क्षणी भट्टी उलट भडकू शकायची. पुन्हा सांगतो, ब्रेक दाबला की गाडी पळायची! लिथुआनियातल्या इग्नालिना केंद्रात, तशाच भट्टीत, 1983 सालीच हे दिसलं होतं. पण भट्टी चालवणाऱ्यांना त्यातला धोका कुणी धड सांगितला नाही. पुढे तुरुंगात मात्र चेर्नोबिल केंद्रातलेच लोक गेले.

स्फोटानंतर पाच दिवसांनी कीवमध्ये मे दिनाची मिरवणूक निघाली, पोराबाळांसकट. सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह टीव्हीवर बोलले थेट 14 मेला.

आणि चेर्नोबिल केंद्राला खेटून असलेलं प्रिप्यात शहर, जवळपास 49 हजार वस्तीचं? तिथे 27 तारखेला दुपारी घराघरातल्या रेडिओवरून एक बाई शांत आवाजात सांगत होती: कागदपत्रं घ्या, थोडं खायला घ्या, गॅस, दिवे, नळ बंद करा, खिडक्या लावा. बस दाराशी येतील. तात्पुरतं जायचंय.