फ्लॅश कार्ट घेण्याआधी: सेव्ह राहतं कुठे?

[दृश्य: नौपाडा, ठाणे. जुलैचा पाऊस, खिडकीच्या गजांवरून ओघळणारं पाणी. टेबलावर राखाडी गेम बॉय, गेम बॉय अ‍ॅडव्हान्स आणि डीएस लाइट, निन्टेंडोचे तीन हातातले कन्सोल. बाजूला आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली, कानातल्या कापसाच्या काड्या, मल्टिमीटर.]

डावीकडचं मॉडेल १९८९चं, मधलं २००१चं, उजवीकडचं २००६चं. तिन्ही अजून सुरू होतात, आणि घरी बनवलेला गेम तिन्हींवर चालतो. गेम लॅपटॉपवरून यांच्यात न्यायचा तर पुन्हा पुन्हा लिहिता येईल असं कार्ट (कन्सोलमध्ये खोचायचं कार्ट्रिज) लागतं. तेच फ्लॅश कार्ट. बाजारात ते दोन-चार प्रकारांत आणि फार वेगवेगळ्या किमतींना मिळतं. किमतीतला बराचसा फरक एकाच प्रश्नाच्या उत्तरात असतो: खेळणाऱ्याने सेव्ह केलं, की ते जातं कुठे?

त्याआधी खर्च वाचवणारी एक गोष्ट. तुमच्याकडे डीएसआय किंवा थ्रीडीएस असेल तर कार्ट घेऊच नका. दोन्हींना एसडी कार्डाची खाच आहे आणि होमब्रू, म्हणजे घरी बनवलेले गेम, थेट त्यावरून चालवण्याची सोय झालेली आहे. आणि तुमचा गेम बॉय अ‍ॅडव्हान्सचा गेम २५६ केबीत बसत असेल, तर मल्टिबूट पद्धतीने लिंक केबलमधून तो कन्सोलच्या रॅममध्ये चढवता येतो. बंद केलं की पुसला जातो, पण चाचणीला तेवढं पुरतं.

[दृश्य: दोन कार्टं शेजारी शेजारी. कॅमेरा सोनेरी पट्ट्यांवर.]

गेम बॉयचं कार्ट ५ व्होल्टवर चालतं, अ‍ॅडव्हान्सचं ३.३ व्होल्टवर. पट्ट्या दोन्हींना ३२. अ‍ॅडव्हान्सच्या खाचेत एक छोटा स्विच असतो. जुन्या कार्टाचा आकार त्याला दाबतो आणि कन्सोल ५ व्होल्टवर जातं. म्हणजे फरक फक्त प्लास्टिकच्या आकाराचा नाही. जाहिरातीत अ‍ॅडव्हान्सच्या कार्टावर ‘गेम बॉयचे गेमही चालतात’ असं लिहिलेलं असतं. ते चालतात गूम्बा नावाच्या एम्युलेटरमधून, म्हणजे गेम बॉयची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममधून. गेम बॉयसाठी स्वतः लिहिलेला गेम तिथे तपासून काही सिद्ध होत नाही, त्याला गेम बॉयचंच कार्ट हवं.

अगदी स्वस्त कार्टांत दुसरी गोम. आतली फ्लॅश चिप ३.३ व्होल्टची, आणि कन्सोल तिला ५ देतं. मध्ये व्होल्टेज जुळवणारे भाग, रेग्युलेटर आणि लेव्हल शिफ्टर, असायला हवेत. पैसे वाचवायला ते गाळलेले असतात. कार्ट महिनाभर नीट चालतं, मग अधूनमधून अडखळायला लागतं. विकणाऱ्याकडे बोर्डाचा फोटो मागा. बोर्डावर एक मोठी चिप आणि एक काळा ठिपका एवढंच दिसलं, तर पुढे जा.

आता सेव्ह. गेम बॉयच्या गेमला वाटतं, की आपण कार्टातल्या रॅममध्ये लिहितोय. ही रॅम वीज गेली की विसरते, म्हणून जुन्या कार्टांत बटन सेल असायचा. एसडी कार्डवाल्या फ्लॅश कार्टात या रॅममधला मजकूर कधीतरी कार्डावर उतरवावा लागतो, आणि हे ‘कधीतरी’ प्रत्येक मॉडेलचं निराळं. एव्हरड्राइव्ह जीबीच्या एक्स३ मध्ये कन्सोल बंद करण्याआधी रीसेट दाबून मेनूत यावं लागतं. विसरलात तर सेव्ह गेलं. एक्स५ मध्ये ही कटकट नाही. एक्स७ मध्ये घड्याळ आणि खेळतानाच उघडणारा मेनू मिळतो. तुमच्या गेममध्ये दिवस-रात्र नसेल तर घड्याळासाठी जादा पैसे कशाला? मधलं मॉडेल पुरे.

अ‍ॅडव्हान्सच्या बाजूला ईझी-फ्लॅश ओमेगा. यात सेव्ह सेलच्या आधारावर थांबतं आणि पुढच्या वेळी कन्सोल सुरू झालं, की कार्डावर उतरतं. सेल संपला असेल तर उतरायला काही उरतच नाही. त्याच्याच डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये सेव्हसाठी एफरॅम आहे, लिहिलेलं टिकवायला तिला वीज लागत नाही. सेल लागतो तो फक्त घड्याळाला. कार्ट दोन-दोन महिने ड्रॉवरमध्ये पडून राहणार असेल तर थोडे जास्त पैसे मोजून हेच घ्यावं.

[दृश्य: लॅपटॉपचा पडदा. हेडरचे बाइट.]

पण कार्ट चांगलं असूनही सेव्ह होत नाही, ही तक्रार नेहमीची. दोष बहुतेक वेळा रॉममध्येच, म्हणजे गेमच्या फाइलमध्येच सापडतो. गेम बॉयच्या हेडरमध्ये (रॉमच्या सुरुवातीकडची माहिती) हेक्स १४७ (हेक्स म्हणजे सोळाच्या पायातले आकडे) या जागी कार्टाचा प्रकार असतो. एमबीसी५ (कार्टातली मेमरी सांभाळणारी चिप), रॅम आणि सेल यांचा आकडा हेक्स १बी. दोन घरं पुढे, १४९ वर, रॅम किती ते लिहायचं: ८ केबीला ०२, ३२ केबीला ०३. पहिला आकडा भरला आणि दुसरा शून्यच ठेवला, तर कार्ट रॅम देतच नाही. शिवाय लिहिण्याआधी रॅम उघडावी लागते, हेक्स ० ते १एफएफएफ या पट्ट्यात ०ए लिहून. काही एम्युलेटर इथे डोळेझाक करतात, खरं कार्ट करत नाही. आरजीबीफिक्स हे साधन चालवलं की हेडरमधला लोगो आणि चेकसम (पडताळणीची बेरीज) दुरुस्त होतात. ते न जुळल्यास खरं कन्सोल लोगोपाशीच अडतं.

अ‍ॅडव्हान्समध्ये असा बाइट नाही. कार्ट रॉममध्ये खूण शोधतं, एसरॅम, ईईप्रॉम किंवा फ्लॅश अशा नावाने सुरू होणारी छोटी अक्षरमाळ. होमब्रूमध्ये ती घालायची राहून जाते आणि कार्ट ‘या गेमला सेव्ह नाही’ असं धरून चालतं. दुसरी चूक, एसरॅममध्ये एका वेळी एकच बाइट लिहायचा असतो. नेहमीच्या मेमकॉपीने (मेमरी नकलणारं फंक्शन) चार-चार बाइट ढकललेत, तर सेव्ह होतं पण वाचताना कचरा येतो.

डीएसचं गणित वेगळं. तिथे गेम ४ एमबी रॅममध्ये चढून चालतो आणि सेव्ह साध्या फाइलसारखं मायक्रोएसडीवर जातं. म्हणून आर४ हे डीएसचं स्वस्त फ्लॅश कार्ट सुद्धा होमब्रूला पुरतं. त्या कार्टाचा डीएलडीआय ड्रायव्हर (कार्डापर्यंत पोहोचवणारा कोड) मात्र गेमला मिळायला हवा. नाही मिळाला तर गेम सुरू होतो, पण फाइल उघडत नाही. काही नकली आर४ कार्टांचा मेनू ठरावीक तारखेनंतर उघडायचाच थांबतो, याला टाइमबॉम्ब म्हणतात. कन्सोलची तारीख मागे नेली की तात्पुरतं भागतं. आणि अगदी पहिलं आर४ मिळालं, तर त्याला २ जीबीपर्यंतचंच कार्ड चालतं.

[दृश्य: मायक्रोएसडी कार्ड, नखाच्या टोकावर.]

कार्ड ८ किंवा १६ जीबीचं घ्या. गेम बॉयचा मोठ्यातला मोठा एमबीसी५ रॉम ८ एमबी, अ‍ॅडव्हान्सचा ३२ एमबी. ६४ जीबी भरणार कशाने? ६४ जीबीचं कार्ड एक्सफॅट या फॉरमॅटमध्ये येतं, बऱ्याच कार्टांना फॅट३२ फॉरमॅट लागतो, आणि मग पडद्यावर नुसता ‘कार्ड नाही’ असा संदेश येतो. कार्ड कुठूनही घ्या, आधी विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू किंवा लिनक्सवर एफ३ ने पूर्ण भरून तपासा. वर ३२ छापलेलं आणि आत ८ असणारी कार्डं सर्रास फिरतात.

[दृश्य: गेम बॉय कलर उघडा. पॉवर स्विचवर कॅमेरा.]

कार्ट नवं, कार्ड खरं, तरी गेम मध्येच रीसेट होतोय? कार्टाला शिव्या देण्याआधी हा स्विच बघा. ठाण्याच्या दमट हवेत आतली पितळी पट्टी काळवंडते, तिथे व्होल्टेज पडतं. एसडी कार्ड वाचताना कार्ट जास्त करंट ओढतं, आणि नेमकं त्याच क्षणी कन्सोल मान टाकतं. सेल काढा, स्विचच्या फटीत ९९ टक्के अल्कोहोलचे दोन थेंब सोडा आणि वीस-पंचवीस वेळा मागेपुढे करा. कार्टाच्या पट्ट्यांवर काडी एकाच दिशेने फिरवा. काडी करडी निघते, हिरवट निघाली तर गंज धरलाय. खाचेत फुंकर मारू नका, तोंडातल्या ओलाव्याने गंज वाढतो.

स्वतःचा एकच गेम मित्रांना कार्टावर द्यायचा असेल तर एसडीची भानगड नको. एका गेमचा बोर्ड घ्या, जीबीएक्सकार्टसारख्या रायटरवर लावा आणि फ्लॅशजीबीएक्स या सॉफ्टवेअरने पुसणे, लिहिणे, पडताळणे हे तिन्ही टप्पे पूर्ण करा. व्होल्टेज हाताने निवडायचं असेल तर दोनदा बघा, अ‍ॅडव्हान्सच्या बोर्डाला ५ व्होल्ट मिळाले तर चिप जाऊ शकते. बोर्डासाठी सेल टॅब (डाग द्यायची धातूची पट्टी) जोडलेलाच आणा. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलात, की लॅमिंग्टन रोडवर विचारता येईल. साध्या सेलवर थेट डाग दिला तर तो तापून फुटू शकतो.

[दृश्य: गेमच्या पडद्यावर गुण. बोट पॉवर स्विचवर.]

कार्ट हातात आलं की त्याच दिवशी ही चाचणी. गेम सुरू करा, गुण मिळवा, सेव्ह करा. त्या मॉडेलला रीसेट लागत असेल तर तो दाबा. कन्सोल बंद करा, कार्ट बाहेर काढा आणि रात्रभर टेबलावर राहू द्या. सकाळी लावल्यावर तेच गुण दिसले तर ठेवा. नाही दिसले तर सेलवर मल्टिमीटर लावा. नव्या सेलवर ३ व्होल्ट किंवा जरा वर दिसायला हवेत, २.५च्या खाली असेल तर सेल बदलून पुन्हा तपासा. तरीही गुण शून्य आले, तर परतीची मुदत बघा आणि कार्ट डब्यात भरा.