बर्फाचं पाणी कोण पितं?

थोडं पाणी पिऊन सुरू करते हं. साधंच आहे ना हे, फ्रीजचं नाही? हसू नका, विषय तिथूनच सुरू होतोय.

मी सॅन फ्रान्सिस्कोजवळ एका हॉस्पिटलमध्ये बरीच वर्षं आहारतज्ज्ञ होते. नवीन होते तेव्हा बाळंतिणींच्या वॉर्डातून निरोप आला की अमुक खोलीतली चिनी बाई काही खातपीत नाहीये, जरा बघ. गेले तर बर्फ घातलेला पाण्याचा जग तसाच भरलेला, ट्रेमध्ये सँडविच, सॅलड, थंडगार जेली, कशाला हात लावलेला नाही. बाई मात्र मजेत! सासूबाईंनी घरून थर्मास आणला होता, त्यात डुकराचे पाय, भरपूर आलं आणि काळं व्हिनेगर घालून शिजवलेलं काहीतरी, ते ती वाफा काढत खात होती. फाइलवर नर्सने लिहिलं होतं, पेशंट सहकार्य करत नाही.

मला हसूच आलं, कारण माझ्या बाळंतपणात माझी आई तिकडे आली होती आणि तिने नर्सच्या देखत तो बर्फाचा जग बेसिनमध्ये ओतून दिला होता!

चिनी लोक याला 'झुओ युएझ' म्हणतात, म्हणजे शब्दशः 'महिना बसणं'. तीस-चाळीस दिवस घराबाहेर पडायचं नाही, केस धुवायचे नाहीत, थंड काही पोटात जाऊ द्यायचं नाही, वारं लागू द्यायचं नाही, नाहीतर म्हातारपणी सांधे धरतात. आता इथे बसलेल्या किती जणींना हे नवीन आहे सांगा बरं? आपला सव्वा महिना, शेकशेगडी, कानाला फडकं, डिंकाचे लाडू, सगळं तेच की. फक्त अमेरिकेत गेल्यावर आपण ते गुपचूप करतो, तेही गुपचूपच करतात.

उष्ण-थंडाचंही तसंच. पदार्थ हाताला गरम लागतो की गार याच्याशी त्याचा संबंध नाही, तो पोटात जाऊन काय करतो ते महत्त्वाचं. लिची उष्ण, कलिंगड थंड, तळलेलं खाऊन घसा धरला, तोंड आलं की कँटनी, म्हणजे दक्षिण चीनमधला माणूस म्हणणार 'यीत हे' झालंय आणि कडू काढा पिणार. पण गंमत बघा, खेकडा त्यांच्याकडे थंड, म्हणून आल्याबरोबर खायचा, आणि आपल्याकडे सर्दी झाली की चिंबोऱ्यांचा रस्सा, कारण तो उष्ण! दोन्हीकडच्या आज्या समोरासमोर बसवल्या असत्या तर मजा आली असती. मला विचाराल तर या वर्गीकरणाला शास्त्राचा आधार शोधत बसण्यात अर्थ नाही, पण त्यावरून माणूस काय खाईल आणि काय टाकेल हे नक्की कळतं, आणि आहारतज्ज्ञाला तेवढं पुरतं.

काही गोष्टींत मात्र हसण्यासारखं काही नसतं. 'ग्वा शा' म्हणून एक उपाय आहे, ताप किंवा अंगदुखी असली की पाठीला तेल लावून चमच्याच्या कडेने जोरात घासायचं, त्याचे लालजांभळे पट्टे उठतात आणि काही दिवसांत जातात. पण हेच पट्टे लहान मुलाच्या पाठीवर शाळेतल्या बाईंना दिसले की त्यांना वाटतं घरी मारहाण होतेय. असे गैरसमज तिकडच्या मेडिकल जर्नल्समध्ये नोंदलेले आहेत. आजीने मायेने केलेल्या उपायासाठी घरी चौकशीला लोक येऊन उभे, विचार करा त्या आजीला काय वाटत असेल.

आणि हॉस्पिटलवर विश्वास नसण्यामागे इतिहासही आहे, तो आपल्याला सांगावाही लागू नये. १८९४ ला हाँगकाँगमध्ये प्लेग आला, १८९६ ला मुंबईत, आणि १९०० च्या मार्चमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये एक माणूस प्लेगने गेल्याचा संशय आला. लगेच अख्ख्या चायनाटाउनला वेढा, गोऱ्यांना बाहेर सोडलं, चिनी आत. पुढे तर हद्द अशी आखली की गोऱ्यांची घरं-दुकानं बरोबर वगळली जावीत. त्याच सुमारास हुकूमही निघाला की हाफकिनची लस टोचून घेतल्याशिवाय चिन्यांनी शहर सोडायचं नाही. हाफकिन म्हणजे आपलेच हो, परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटवाले, ही लस त्यांनी १८९७ मध्ये मुंबईतच तयार केली होती! चिनी लोक कोर्टात गेले आणि जिंकले. टोचणीची सक्ती मे महिन्यात आणि वेढा जूनमध्ये बेकायदेशीर ठरला. पुण्यात रँडने प्लेगच्या नावाखाली घरात घुसून काय केलं आणि १८९७ मध्ये चापेकरांनी काय केलं ते तुम्हाला माहीत आहे, तिकडे वकील उभे राहिले एवढाच फरक. ज्यांच्या पणजोबांनी हे बघितलं त्यांनी सरकारी डॉक्टर दिसला की हसत दंड पुढे करावा ही अपेक्षाच चूक आहे. चायनाटाउनमधलं चायनीज हॉस्पिटल १९२५ मध्ये उभं राहिलं ते उगाच नाही. ब्रूस ली तिथेच जन्मला, १९४० साली, हे जाता जाता.

पण सगळं गोड गोड पण नाहीये. 'दानशेन' नावाची मुळी हृदयासाठी म्हणून घेतात, आणि रक्त पातळ करायची वॉर्फरिन गोळी चालू असताना ती घेतली तर रक्तस्राव होऊ शकतो. आता फॉर्मवर प्रश्न काय असतो? 'इतर औषधं घेता का?' सगळे म्हणतात नाही. खोटं बोलत नसतात हो ते, त्यांच्या लेखी ते औषध नाहीच, घरचं सूप आहे. आपण तरी डॉक्टरला हळदीचं दूध सांगतो का? म्हणून मी विचारायची पद्धतच बदलली. आधी गप्पा मारायच्या आणि मग म्हणायचं, घरी सूप कोण करतं, त्यात काय काय घालतात?

एक आजोबा होते, वॉर्फरिनवर, रक्ताचा रिपोर्ट काही केल्या जागेवर येईना, डोस बदलून बदलून डॉक्टर थकले. मी सूपाचं विचारलं तर आजींनी पिशवीतून कागदाची पुडी काढली आणि अभिमानाने माझ्या हातात दिली. आमच्या फार्मासिस्टने पुडीवरचा नंबर बघून त्या काष्ठौषधीच्या दुकानात फोन लावला, दुभाषी लाइनवर. पलीकडे दुकानदार जाम भडकला. म्हणाला, वॉर्फरिनवर असेल तर मी दानशेन कधीच देत नाही, पण तो म्हातारा मला म्हणाला होता की डॉक्टरचं काहीच चालू नाही.