शेवटच्या बाकावरचा इग्नेशियस

मंडळी, आपल्याकडे ‘मिशनची शाळा’ म्हटलं की लोकांना इंग्रजी आणि शिस्त आठवते. मी जिल्ह्यातल्या अशाच एका कॅथलिक हायस्कुलात २९ वर्षं मराठी शिकवलं. माझ्या वर्गात रेल्वेवाल्यांची, लष्करातल्या जवानांची, द्राक्षबागायतदारांची मुलं होती. कॅथलिक मुलं म्हणाल तर बोटांवर मोजण्याइतकी.

तिथला दिवस बाराच्या घंटेभोवती फिरायचा. ती घंटा एंजेलसच्या प्रार्थनेची. ती वाजली की अख्खी शाळा जागच्या जागी थांबायची. पळणारा थांबे, खडू थांबे, डबा उघडणारा झाकणावर हात ठेवून उभा राही. ज्याला प्रार्थना येत नसे तो नुसता गप्प राही, आणि तेवढं पुरे असे. धर्मशिक्षणाच्या तासाला मात्र वर्गाचे दोन भाग व्हायचे. कॅथलिक मुलं एका खोलीत, बाकीची ‘मोरल सायन्स’ला. सरकारमान्य शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धर्मशिक्षण देता येत नाही, असं राज्यघटनेचं कलम २८ सांगतं.

आता या शाळांचं मूळ. सगळ्याच काही जेझुइटांच्या, म्हणजे त्या नावाच्या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाच्या, नाहीत, पुष्कळशा सिस्टर्सनी उभ्या केल्यात. पण वर्गाची घडी बसवली ती जेझुइटांनी. त्यांचा संस्थापक इग्नेशियस लोयोला. १५२१ साली स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं त्याचा पाय मोडला. पुढं शिकायचं मनात आलं, पण लॅटिन येत नव्हतं. म्हणून तिशी उलटलेला हा माणूस बार्सिलोनात लहान पोरांच्या शेजारी बसून लॅटिन शिकू लागला. पाठांतरात मन लागेना, तेव्हा मास्तरांना एका चर्चमध्ये नेऊन त्यानं शब्द दिला: पोटाला भाकरी आणि पाणी मिळतंय तोवर दोन वर्षं तुमचा एकही तास चुकवणार नाही. मास्तर फी घेत नव्हते. हा प्रसंग मी दर वर्षी दहावीला सांगायचो.

१५४८ साली सिसिलीतल्या मेसिनात जेझुइटांनी बाहेरच्या मुलांसाठी शाळा काढली, तीही बिनफीची. १५९९ मध्ये अभ्यासाची नियमावली ठरली. वर्ष वर्ष करत वरच्या वर्गात जायचं, आठवड्याचा धडा शनिवारी पुन्हा म्हणून घ्यायचा. मागं पडलेल्याला पुन्हा हाताशी धरायचं, असा मी त्या शनिवारचा अर्थ लावतो.

आणि आमच्याकडे काय झालं? शंभर टक्के निकालासाठी नववीच्या शेवटी अकरा मुलांची यादी निघाली. पालकांना बोलावलं, दाखले दिले, १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा म्हणून सांगितलं. बैठकीत त्या यादीवर मीही सही केली. ती सही मला आजही टोचते. ज्या परंपरेचा पहिला विद्यार्थीच मागं पडलेला होता, तिच्या शाळेनं मागं पडलेल्यांना दार दाखवावं, हे मला मान्य नाही.

अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायद्यातल्या, गरीब मुलांसाठीच्या २५ टक्के राखीव जागांच्या नियमातून सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली वगळलं. शाळा चालवायचा त्यांचा हक्क मी मनापासून मानतो. म्हणूनच गरीब आणि कच्च्या मुलाला जागा द्यायचं काम त्यांनी कायद्यानं सांगायची वाट न बघता करावं, अशी माझी जाहीर मागणी आहे.

त्या अकरांतला एक मुलगा जूनमध्ये राहिलेले कागद न्यायला आला होता. साधा शर्ट, अंगावर गणवेश नाही. शिपायानं त्याला फाटकाबाहेरच थांबवलं होतं. मी व्हरांड्यात होतो. तेवढ्यात बाराची घंटा झाली. आतली मुलं थांबली. मी सहज फाटकाकडं पाहिलं, तर तोही रस्त्यावर पिशवी खाली ठेवून, मान खाली घालून, घंटा संपेपर्यंत उभा होता.