'आधी तलवार, मग शाळा, आता रील': तो बाण खोडून टाका

नमस्कार मंडळी. माईक चालू आहे ना... आहे. मागच्या वेळी अर्धा तास बडबडलो आणि माईक बंद, म्हणून आता दोनदा बघतो.

तर सध्या फादर आणि पास्टर लोकांचे रील्स फिरतायत, कुणी गिटार वाजवतंय, कुणी जिममध्ये उभं राहून बायबल समजावतंय, आणि माझ्याकडे रोज तोच प्रश्न, की दादा, चर्चवाले पूर्वी असा प्रचार करत नव्हते ना, हे बदललं कधी?

बेसिक पटापट उरकतो. सुवार्ता म्हणजे चांगली बातमी, ती सांगणं म्हणजे सुवार्ताप्रसार. ऐकणाऱ्याने धर्म बदलणं ही वेगळी गोष्ट. आणि 'चर्च' असं एकच काही नाही, कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, प्रोटेस्टंट, त्यात पुन्हा ढीगभर पंथ. झालं, पुढे.

आता माझं डोकं कशाने फिरतं सांगतो. चर्चने प्रचार कसकसा केला ते दाखवणारी ती स्लाइड. डावीकडे तलवार, मधे शाळा आणि दवाखाना, मग टीव्ही, उजवीकडे मोबाइल, आणि खाली एक लांबलचक बाण. म्हणजे आधी बळजबरी, मग सेवा, मग मीडिया, जग सुधारत गेलं. खोटं का बोलू, माझ्या एका जुन्या व्हिडिओत मीही तोच बाण काढलाय. काढून टाकला नाहीये, जाऊन बघा आणि हसा.

तो बाण चुकीचा आहे. सन 601. पोप ग्रेगरी इंग्लंडमधल्या राजाला कळवतो की मूर्तींची देवळं पाडा. आणि त्याच वर्षी आपल्या माणसांना दुसरं पत्र, की थांबा, देवळं पाडू नका, मूर्ती काढा, पवित्र पाणी शिंपडा आणि तीच वास्तू वापरा, लोकांना सवयीच्या जागी यायला बरं वाटेल. एकाच माणसाचे एका वर्षात दोन पवित्रे! आणि तलवार? ती यानंतरची आहे. 785 च्या सुमारास फ्रँक लोकांचा राजा शार्लमेनने आजच्या जर्मनीतल्या सॅक्सन लोकांसाठी कायदा केला, बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होण्याचा विधी, नाकारला तर मृत्युदंड. म्हणजे मऊ धोरण आधी, कडक नंतर. आणि त्यालाही घरातूनच विरोध झाला, त्याच्याच दरबारातला अल्क्विन 796 मध्ये लिहितो की बाप्तिस्मा जबरदस्तीने देता येईल, विश्वास नाही देता येणार.

नाही पटलं? दुसरीकडून बघू. चीन. जेझुइट नावाच्या कॅथलिक संघातला मिशनरी मत्तेओ रिची आधी बौद्ध भिक्षूसारखे कपडे घालायचा, मग कळलं की मान विद्वानांना आहे, तर 1595 मध्ये वेष बदलून कन्फ्युशियन पंडित झाला. 1659 मध्ये रोमनेच, म्हणजे पोपच्या कारभाराने, मिशनऱ्यांना बजावलं की लोकांच्या चालीरीती बदलायला जाऊ नका, फ्रान्स, स्पेन, इटली उचलून चीनमध्ये नेण्याइतका वेडेपणा नाही. किती मॉडर्न वाटतं ना? आणि 1704 मध्ये त्याच रोमने पूर्वजांना मान द्यायच्या चिनी विधींवर बंदी घातली, 1742 मध्ये ती पक्की केली आणि 1939 मध्ये सैल केली. दोनशेहून जास्त वर्षं गाडी रिव्हर्समध्ये.

(एकाने लिहिलंय, "दादा, प्रोपगंडा शब्द वाईट आहे, चर्चसाठी वापरू नका." अरे, शब्दच तिथला आहे! 1622 मध्ये पोपने धर्मप्रसारासाठी जे खातं काढलं त्याच्या लॅटिन नावात 'प्रोपगांदा' होतं, म्हणजे पसरवणं. पुढे शब्दाची एवढी बदनामी झाली की 1967 मध्ये खात्याचं नावच बदललं.)

तिसरीकडून, आणि मग सोडतो हा विषय. 1910, एडिनबरा, प्रोटेस्टंट मिशनची मोठी परिषद, बाराशे प्रतिनिधी, आणि आशियातले किती? वीसच्या आसपास. त्यातले आपल्याकडचे अझरिया उठून म्हणाले की तुम्ही दानधर्म भरपूर केलात, आता आम्हाला मित्र द्या. 1971 मध्ये केनियातले चर्चचे पुढारी जॉन गाटू म्हणाले की काही वर्षं मिशनरी आणि पैसे दोन्ही पाठवू नका, आम्हाला आमच्या पायावर उभं राहू द्या. आणि तीनच वर्षांनी, 1974 मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या लोझानला दीडशे देशांतले लोक जमून म्हणतात, जगभर सुवार्ता पोचवायचीच. एक ब्रेक दाबतोय, दुसरा ॲक्सिलरेटर. दोघंही ख्रिस्तीच. आता दाखवा मला तो बाण.

मला स्वतःला एकदा रेल्वेत एकाने पत्रक दिलं होतं, मी ते पुस्तकात खूण म्हणून वापरलं, वाचलं मात्र कधीच नाही. उलट माझा एक ख्रिस्ती मित्र, चार वर्षांत धर्माचा ध सुद्धा काढला नाही त्याने, शेवटी मीच विचारलं, अरे सांगत का नाहीस काही? तर म्हणे, तू विचारलंस कधी? 1975 मध्ये पोप पॉल सहावे यांनी तेच लिहिलं होतं, की आजचा माणूस शिक्षकांपेक्षा साक्षीदारांचं जास्त ऐकतो.

शेवटची कमेंट, "चर्चला रील शोभतात का?" 1739 मध्ये इंग्लंडचा धर्मोपदेशक जॉन वेस्ली, त्यालाही मैदानात उभं राहून प्रवचन देणं शोभणारं वाटत नव्हतं. चर्चच्या बाहेर आत्म्याचं तारण म्हणजे जवळपास पापच, असं मानणारा माणूस तो. मग ब्रिस्टलजवळ एकदाचा उघड्यावर उभा राहिला आणि डायरीत लिहिलं की आज मी आणखी कमीपणा पत्करायला तयार झालो. त्यानंतर पन्नासएक वर्षं तो उघड्यावर बोलत फिरला.