धाराशिवला गाडी आली, रामलिंगची गेली

येडशीच्या अलीकडे, रामलिंगच्या जंगलात हा भराव लागतो. रूळ कधीच उचलून नेले. खडी मात्र अजून तळपायाला टोचते. इथून बार्शी लाईट ही छोटी रेल्वे जायची.

रुळांमधलं अंतर अवघं अडीच फूट. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं 1897 मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी हा मार्ग सुरू केला. इंजिन असो की मालडबा, चाकांच्या एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार टाकायचा नाही, हे त्याचं गणित. त्यामुळे रूळ हलके चालायचे, पूल स्वस्तात व्हायचे आणि रूळ अरुंद असल्यानं डोंगराच्या कडेकडेनं वळणं घेता यायची. 1907 साली गाडी तडवळ्याला आली, 1911 मध्ये मोगलाईतल्या, म्हणजे निजामाच्या राज्यातल्या, लातूरला पोचली.

गंमत बघा. जिल्ह्याचं ठाणं धाराशिव, पण गाडी तिकडे फिरकलीच नाही. धाराशिवकरांना गाडी धरायची तर आधी येडशी गाठायची. आणि रामलिंगला वस्ती ती किती? खाली दरीत महादेवाचं देऊळ, भोवती माकडं. सीतेला नेणाऱ्या रावणाशी झुंजताना जटायू इथेच पडला आणि त्याच्यासाठी रामानं बाण मारून पाणी काढलं, असं इथले लोक सांगतात. गाडी त्या देवाच्या दारावरून जायची. श्रावणी सोमवारी इथे आजही पाय ठेवायला जागा नसते.

1954 मध्ये सरकारनं बार्शी लाईट चालवणारी कंपनी विकत घेतली. गाडीची चाल काही बदलली नाही.

मग ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांचा मार्ग, आलं. मोठ्या गाडीला असली वळणं झेपत नाहीत, आणि धाराशिवची मागणीही जुनीच. नवा मार्ग पांगरीहून धाराशिवकडे वळला आणि तिथून येडशीला आला. 2008 पर्यंत कुर्डुवाडी ते लातूर रुंद रूळ पडले. रामलिंगचा घाट मधल्या मध्ये सुटला.

एप्रिल 2016. लातूरचे नळ कोरडे, आणि मिरजेहून पाण्याची गाडी निघाली. पहिल्या खेपेला दहा टाक्या, एकेकीत 50 हजार लिटर. नुसतं पाणीच 50 टन. चार आसांवर वाटलं तरी एकेकावर साडेबारा. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर ही सगळी बार्शी लाईटची जुनी गावं. कॅलथ्रॉपच्या रुळांना ते ओझं पेललं नसतं.

ती गाडीही धाराशिववरूनच गेली.