वरच्या १९४ डॉलरची गोष्ट

दोन कोटी साठ लाख, आणि वर १९४ डॉलर. २००६ च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्क यांकीज या अमेरिकी बेसबॉल संघाने एका जपानी पिचरसाठी, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यासाठी, लावलेली ही बोली. वरचे १९४ कशाचे? त्या हंगामात जपानमध्ये केई इगावा या पिचरने १९४ बॅटर स्ट्राइकआउट केले होते, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केले होते, त्याचे.

यातला एक डॉलरही इगावाच्या हातात पडला नाही. ही रक्कम गेली त्याच्या जुन्या संघाला, हानशिन टायगर्सला. तेव्हाचा रिवाज असा होता की अमेरिकी संघांनी गुप्त बोली लावायची, दुसऱ्याने किती लावलीय ते कोणालाच कळायचं नाही आणि ज्याची बोली मोठी त्यालाच खेळाडूशी बोलता यायचं. करार झाला की बोलीचे पैसे गेले ते गेलेच. इगावाचा पगार वेगळा, पाच वर्षांचे दोन कोटी डॉलर.

७ एप्रिल २००७. बाल्टिमोर ओरिओल्सविरुद्ध इगावाचा पहिला सामना. पाच इनिंग टाकल्या (तीन बॅटर बाद झाले की पाळी संपते) आणि सात धावा दिल्या. पाच वर्षांच्या करारात तो मेजर लीगचे, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च लीगचे, अवघे सोळा सामने खेळला आणि त्यातले दोन विजय त्याच्या नावावर लागले. बाकीची वर्षं स्क्रँटन आणि ट्रेंटनच्या छोट्या मैदानांवर, दुय्यम लीगमध्ये गेली. मेजर लीगचा करार हमीचा असतो. खेळाडू खाली पाठवला तरी पगार पूर्ण द्यावाच लागतो. इगावा मात्र तिथेही मुकाट्याने चेंडू टाकत राहिला, आणि मला त्याचं फार वाटतं. कारण तो १९४ चा आकडा खोटा नव्हता. फक्त तो दुसऱ्या मैदानावरचा होता.

दोन्ही देशांचे चेंडूही वेगळे. जपानी चेंडू किंचित लहान, कातडं बोटांना धरून ठेवणारं. अमेरिकी चेंडू गुळगुळीत. इतका, की सामन्याआधी प्रत्येक चेंडूला न्यू जर्सीतल्या नदीकाठचा चिखल चोळावा लागतो, तेव्हा कुठे पकड येते. ज्या बोटांनी आयुष्यभर एक चेंडू ओळखला, त्यांना दुसरा शिकायचा. शिवाय जपानमध्ये पिचर साधारण आठवड्यातून एकदा उतरतो, अमेरिकेत दर पाचव्या दिवशी. दंडाला विश्रांती कमी, प्रवास जास्त.

त्याच महिन्यात बोस्टन रेड सॉक्सने दायसुके मात्सुझाकासाठी ५ कोटी ११ लाख ११ हजार १११ डॉलर आणि ११ सेंटची बोली लावली होती. सहा वर्षांचा पगार आणखी ५ कोटी २० लाख. हा तर जपानचा लाडका. १९९८ च्या कोशिएन शालेय स्पर्धेत त्याने एकाच सामन्यात सतरा इनिंगमध्ये २५० चेंडू टाकले होते. शाळकरी पोराच्या हाताने! सरावातही भरपूर चेंडू टाकून दंड तयार ठेवायची त्याची सवय. बोस्टनने ते मोजूनमापून टाकायला लावले. २००९ मध्ये त्याने उघड तक्रार केली.

पहिल्या दोन वर्षांत त्याने ३३ सामने जिंकले, रेड सॉक्सने वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची अंतिम मालिकाही जिंकली. पुढच्या चार वर्षांत मिळून १७. २०११ मध्ये कोपराची शस्त्रक्रिया झाली. बोस्टनचे पैसे बुडाले असं मी म्हणणार नाही. पण त्या दंडात किती वर्षं शिल्लक आहेत, हे बोलीच्या दिवशी कोणालाच ठाऊक नव्हतं.

गुप्त बोली पुढे बंद झाली. आता कराराच्या रकमेवर ठरलेली टक्केवारी जुन्या संघाला मिळते. जोखीम मात्र आकड्याबरोबर वाढतच गेली. डिसेंबर २०२३ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सने योशिनोबू यामामोतोला बारा वर्षांसाठी ३२ कोटी ५० लाख डॉलर दिले. शिवाय त्याच्या जुन्या संघाला, ओरिक्स बफेलोजला, पाच कोटींच्या वर. तोवर त्याने मेजर लीगमध्ये एक चेंडूही टाकला नव्हता.

मार्च २०२४, सोल. पहिल्याच सामन्यात त्याने एका इनिंगमध्ये पाच धावा दिल्या. डॉजर्सच्या चाहत्यांना त्या रात्री इगावा आठवला असेल तर नवल नाही.

आणि १ नोव्हेंबर २०२५, टोरांटो. वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना. आदल्याच रात्री ९६ चेंडू टाकलेला यामामोतो पुन्हा पिचरच्या उंचवट्यावर चढतो, आणखी ३४ टाकतो आणि सामना जिंकून देतो. मालिकावीरही तोच.

त्याचा करार २०३५ पर्यंत आहे.